पहिल्यांदाच क्रॉस-कंट्री स्कीइंग: ऑस्लोच्या जंगलात मैत्रिणीबरोबर हट ते हट एक दिवस

ऑस्लोत पहिला हिवाळा काढणाऱ्या प्रत्येकाला जानेवारीत प्रश्न पडतोच की शनिवारी सकाळी ही सगळी पब्लिक लांबलचक स्की घेऊन मेट्रोत कुठे चाललीये. ती चाललेली असते नॉर्डमार्काला, म्हणजे शहराच्या उत्तरेला लागूनच असलेल्या जंगलात. त्या जंगलात मशीनने खाचा पाडलेल्या स्कीच्या वाटा आहेत, वाटांवर ठिकठिकाणी गरम कोको आणि व्हाफेल, म्हणजे वॉफल, देणाऱ्या हट आहेत आणि वाटा वापरायला एक क्रोनसुद्धा लागत नाही. गाडी नको, हॉटेल नको, सुट्टी टाकायला नको. मेट्रोला इथे टी-बाने म्हणतात, तिच्या एका टोकाला उतरायचं, जंगलातून दोन हट करत चालायचं आणि दुसऱ्या टोकाला परत टी-बाने पकडायची.

हे सगळं कधी स्कीवर उभं न राहिलेल्यांसाठी किंवा एकदोनदा उभं राहून आपटलेल्यांसाठी लिहितेय. ज्यांना येतं त्यांनी सोडून द्या.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण नवीन माणूस नेमका उलटा विचार करतो. चढाला घाबरू नका, उताराला घाबरा. चढावर जास्तीत जास्त काय होईल, दम लागेल, थांबाल. पण क्रॉस-कंट्रीची स्की अरुंद असते, बुटाची फक्त पुढची बाजू अडकलेली असते, टाच मोकळी, कडेला धारदार पत्रा नाही. त्यामुळे डोंगरउतारावरच्या स्कीसारखं सर्रकन वळून थांबणं हिला जमत नाही. म्हणून रूट निवडताना चढ किती हे बघू नका, शेवटचा उतार कसा आहे आणि तिथे पोचेपर्यंत पायात किती जीव उरलेला असेल ते बघा.

रूट कोणता

मी सांगेन तो रूट इथला अगदी कॉमन आहे: फ्रोग्नरसेतेरेन स्टेशन, तिथून ट्रीव्हान्नस्तुआ ही पहिली हट, मग उलेव्होलसेतेर ही दुसरी आणि मोठी, आणि तिथून खाली सोंग्सवान तळं. सगळं मिळून साधारण 17 किलोमीटर. फ्रोग्नरसेतेरेन स्टेशन समुद्रसपाटीपासून 469 मीटरवर आहे आणि सोंग्सवान तळं 183 मीटरवर, म्हणजे एकूण हिशोब उताराचा, जरी मध्ये चढ बरेच असले तरी. फ्रोग्नरसेतेरेन 1 नंबरच्या लाइनचं शेवटचं स्टेशन, सोंग्सवानही दुसऱ्या एका लाइनचं शेवटचंच, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही, आणि दोन्हीकडे शहरातलं साधं तिकीट चालतं. 1 नंबरची लाइन वर होल्मेनकोलेन टेकडीच्या बाजूने चढत जाते, वरचा हा टप्पा 1916 मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून लोक असेच स्की घेऊन चढतायत.

नॉर्वेजियन माणूस हे दोन तासात करून घरी जेवायला जातो. तुम्ही थांबे धरून पाच ते सहा तास धरा. हे खूप वाटत असेल तर सोपा पर्याय: सोंग्सवानहून उलेव्होलसेतेरला जायचं आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन बारा किलोमीटरच्या आत बसतं, आणि मोठा फायदा हा की जो उतार उतरायचाय तो तुम्ही चढताना नीट बघून घेतलेला असतो, कुठे वळण आहे, कुठे बर्फ घासून कडक झालाय सगळं. माझ्या मते अगदी पहिल्या वेळी हेच करा आणि दुसऱ्या वेळी फ्रोग्नरसेतेरेनहून या. पण लोक ऐकत नाहीत, सगळ्यांना वरून खालीच यायचं असतं, त्यामुळे पुढे तोच रूट धरून लिहितेय.

कधी जायचं

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला अर्धा. डिसेंबरच्या शेवटी ऑस्लोत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, सव्वातीनला अंधार, नवीन माणसाने त्यात पडू नये. फेब्रुवारीच्या मध्याला नऊ तासांच्या आसपास उजेड मिळतो. शहरात बर्फ नाही म्हणून प्लॅन कॅन्सल करू नका, वर जंगलात बर्‍याचदा छान बर्फ असतो आणि खाली रस्त्यावर नुसता चिखल.

टेंपरेचर उणे तीन ते उणे आठ असेल तर नवीन माणसासाठी बेस्ट. उणे पंधराला बर्फ कोरडा आणि खरखरीत होतो, स्की घसरतच नाही, सगळा दिवस ओढत नेल्यासारखा जातो. शून्याच्या आसपास उलटं, बर्फ स्कीखाली चिकटून गोळे होतात. आदल्या रात्री वायआर हे हवामानाचं अ‍ॅप बघा, आणि शीफोरेनिंगेनचा वाटांचा नकाशा बघा. ही 1883 पासूनची संस्था आहे, मार्कातल्या, म्हणजे ऑस्लोभोवतीच्या जंगलातल्या, बर्‍याच वाटा तीच तयार ठेवते, आणि नकाशावर कुठल्या वाटेवर मशीन शेवटचं कधी फिरलं ते दिसतं. ताजी वाट म्हणजे खोल स्वच्छ खाचा, आणि खाच स्वच्छ असली की नवख्याचं अर्धं काम तीच करते. हट उघडी आहे का तेही त्याच वेळी बघून टाका, आठवड्याच्या मधल्या दिवशी काही बंद असतात आणि बंद दाराला हात लावून परत फिरणं फार वाईट.

सामान

पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. बुआ नावाची वस्तू उधार देणारी केंद्रं आहेत, फुकट, स्की-बूट-काठ्या सगळं मिळतं. मुख्यतः मुलांसाठी आहेत, मोठ्यांच्या साइज कमी असतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी न जाता आठवड्याच्या सुरुवातीला जा. नाहीतर भाड्याने घ्या.

मागताना क्लासिक स्की मागा, स्केटिंगची नको, आणि खाली केसाळ पट्टीवाली मागा, तिला इथे फेल्ले-स्की म्हणतात. मधल्या भागाला मोहेअरची पट्टी असते, ती पुढे घसरते आणि मागे धरून ठेवते. दुसरा प्रकार मेणाचा, ज्यात त्या दिवशीच्या टेंपरेचरप्रमाणे मेण लावावं लागतं. इथली प्रत्येक सीनिअर व्यक्ती तुम्हाला सांगेल की खरी मजा मेणातच आहे, आणि खोटं नाहीये ते, पण चुकीचं मेण लागलं तर नवीन माणसाला कळतच नाही की चूक आपली आहे की मेणाची. तरी मेणाचीच मिळाली तर स्विक्स कंपनीचं निळं एक्स्ट्रा मेण, व्ही 40, उणे एक ते उणे सात साठी, पायाखालच्या भागात पातळ थर लावायचा, कॉर्कने घासायचा, असे तीनचार थर. जाड एक थर नको, तो सोलून निघतो.

दुकानदार उंचीपेक्षा वजन विचारेल, खरं सांगा. क्लासिक स्की मधोमध वर उचललेली असते, धनुष्यासारखी, आणि तुम्ही एका पायावर पूर्ण वजन टाकलं तरच तो मधला भाग बर्फाला टेकून पकड घेतो. वजन कमी सांगितलं तर मऊ स्की मिळेल आणि ती सतत टेकून राहील, म्हणजे उतारावर घसरणार नाही. जास्त सांगितलं तर कडक मिळेल आणि ती टेकणारच नाही, म्हणजे प्रत्येक चढावर मागे मागे. काठ्या साधारण उंचीपेक्षा पंचवीस-तीस सेंटिमीटर कमी.

कपड्यांचं एकच लक्षात ठेवा, सुती काही नको. बनियन, टीशर्ट, जीन्स, मोजे, काहीच सुती नको, कारण घाम येतोच आणि सुती कपडा तो धरून ठेवतो आणि थांबलात की पाच मिनिटात कुडकुडायला लागता. आत लोकरीचं, त्यावर पातळ वारा अडवणारं जॅकेट. फुगीर डाउन जॅकेट घालून चालू नका, ते बॅगेत ठेवा, थांबल्यावर घालायला. निघताना स्टेशनवर थोडं थंड वाटलं पाहिजे, दहा मिनिटात गरम होता. बॅगेत एक्स्ट्रा लोकरीचा आतला शर्ट, एक्स्ट्रा हातमोजे, छोटी बैठकपट्टी, हेडलॅम्प, सनस्क्रीन, लिपबाम.

खाणं: हटमध्ये खायला मिळतं, पण मध्ये बारा-एक वाजता भूक लागली की हट जवळ नसते. थालीपीठ किंवा गुळाची पोळी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, बॅगेत ठेवलीत तर वाकवता येत नाही. संक्रांतीचे तिळाचे लाडू उरले असतील तर त्यांच्यासारखं काही नाही, पण घरची कडक चिक्की नको, उणे दहाला दात जातील. पाणी साध्या बाटलीत नेलं तर तोंडाशी गोठतं, थर्मासमध्ये कोमट पाणी किंवा आल्याचा चहा न्या. इथले लोक क्विक लुन्श नावाचं चॉकलेट नेतात, 1937 पासूनचं आहे, आणि त्याच्या कागदाच्या आतल्या बाजूला डोंगरात वागण्याचे नऊ नियम छापलेले असतात. त्यातला एक असा की वेळेत माघारी फिरा, त्यात लाज नाही. खाताना वाचा.

मैत्रिणीबरोबर जाताना

दोघींना सारखंच येत असेल तर काही बोलायला नको. पण सहसा एकीला थोडं येत असतं आणि ती दुसरीला "अगं काही नाही गं, सोपं आहे" म्हणून आणते. अशी जोडी असेल तर स्टेशनवरच तीन गोष्टी ठरवा. सपाटीवर आणि चढावर हळू चालणारी पुढे, तिचा वेग तोच दोघींचा वेग, आणि तो एवढाच की चालता चालता धाप न लागता बोलता आलं पाहिजे. दुसरं, प्रत्येक पाटीपाशी, म्हणजे जिथे वाटा फुटतात तिथे, थांबायचंच, दिसत असली तरी. तिसरं, किती वाजता कुठे पोचलो नाही तर परत फिरायचं. मी म्हणेन की ट्रीव्हान्नस्तुआला दीड तासाच्या वर लागला, किंवा दोघींपैकी एकीचा मूड गेला, तर तिथेच कोको पिऊन फ्रोग्नरसेतेरेनला परत जा. त्यापुढे उलेव्होलसेतेरपर्यंतचा पट्टा लांब आहे आणि मध्येच सोडून देता येत नाही.

खाणं, चहा, दिवा दोघींकडे वेगवेगळं असू दे. एकीच्या बॅगेत सगळं असलं की नेमकी तीच पुढे निघून जाते. मोबाइल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते, आणि नकाशा दोघींच्या फोनमध्ये ऑफलाइन.

पहिला तास

स्टेशनच्या बाहेर सगळे एकाच जागी स्की घालत असतात, बाजूला जाऊन घाला. आता हे नीट वाचा कारण इथेच लोक दहा मिनिटं झगडतात: बूट बायंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या बूट अडकवायच्या पकडीत, बसत नाही, कारण बुटाच्या तळाला चवड्यापाशी जी आडवी सळी असते तिच्याभोवती बर्फ दाबून बसलेला असतो. काठीच्या टोकाने तो खरवडून काढा, बायंडिंगमधलाही काढा, मग चवडा सरळ खाली दाबा, खट्ट आवाज आला पाहिजे. टाच उचलून बघा. काठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा, मग पट्टा आणि मूठ एकदम धरायची. काठ्यांवर डावी-उजवी खूण असते.

सुरुवातीला काठ्या न वापरता खाचेत नुसतं चाला. मग हळूहळू एका पायावर पूर्ण वजन टाकून दुसरा पुढे सोडायचा, हात उलटे, डावा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे, आपण रस्त्यावर चालतो तसंच. नवखे दोन्ही पायांवर अर्धं अर्धं वजन ठेवून सरकतात आणि मग म्हणतात स्की मागे घसरतेय. ती घसरणारच, वर सांगितलं ना, पूर्ण वजन पडल्याशिवाय मधला भाग टेकत नाही. आणि ढकलताना पाय मागे झाडायचा नाही, खाली दाबायचा.

चढ जास्त झाला की खाचेतून बाहेर या, स्कीची टोकं बाहेर फाकवा, आतल्या कडा बर्फात रुतवा आणि बदकासारखं वर चढा. मागे वळून बघितलंत तर बर्फात माशाच्या काट्याची नक्षी दिसते.

पडाल. पडल्यावर आधी खाचेतून बाहेर व्हा, मागून कोणीतरी येतंय. मग दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या करा, गुडघ्यावर या, एक पाय पुढे, उठा. स्की उताराच्या दिशेने असतील तर उठता उठता परत निघाल. पडल्यामुळे जो खड्डा झाला तो पायाने सारखा करून जा, पुढचा त्यात अडकून पडतो.

वाटेवरचे नियम सोपे आहेत. उजव्या बाजूने चालायचं. उतरणाऱ्याला पहिला हक्क, कारण त्याला थांबता येत नाही. मागून "लॉय्पे!" असं ओरडलं तर तुम्हाला शिवी दिलेली नाहीये, बाजूला व्हा एवढंच. थांबायचं तर वाटेच्या पूर्ण बाहेर. आणि स्की काढून चालायची वेळ आली तर खाचेतून चालू नका, कडेने चाला, बुटाचे खड्डे पडलेले इथे कोणालाच आवडत नाहीत. तुम्हाला पाच वर्षांची पोरं ओव्हरटेक करतील, करू द्या.

वाट ओळखायला: हिवाळ्यातल्या स्कीच्या वाटा लाल खुणांच्या, उन्हाळी पायवाटा निळ्या. निळी दिसली म्हणून त्या झाडीत घुसू नका.

हटमध्ये

ट्रीव्हान्नस्तुआला पोचलात की बाहेर स्की बर्फात उभ्या खोचा किंवा स्टँडला लावा. भाड्याच्या दुकानातल्या काळ्या स्की सगळ्या सारख्याच दिसतात, आणि शनिवारी दुपारी बाहेर शेकड्याने असतात, त्यामुळे टोकाला रंगीत टेप लावून ठेवा, नाहीतर परत आल्यावर "ही माझी का तुझी" करत बसाल. बुटावरचा बर्फ झाडून आत जा.

आत गेल्यावर पहिलं काम खाणं नाही. ओला आतला शर्ट बदला, ओले हातमोजे शेकोटीजवळ किंवा हीटरजवळ ठेवा, मग रांगेत उभे राहा. व्हाफेल, जॅम, दालचिनीचे गोड पाव, कोको. कार्ड सगळीकडे चालतं. व्हाफेलमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. स्वतःचं थालीपीठ आत काढण्याआधी विचारा, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी बाहेरच्या बाकावर. निदान एक कोको तरी घ्याच, हट त्याच्यावरच चालतात.

अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. अंग गार झालं की पहिली दहा मिनिटं फार जड जातात आणि नेमका तेव्हाच उत्साह जातो. बाहेर आल्यावर तीच पायरी परत, बुटाखालचा बर्फ खरवडा.

मधला पट्टा, उलेव्होलसेतेरपर्यंतचा, सगळ्यात छान. चढउतार, तळी, आपल्याकडची झाडं नाहीत, सगळीकडे स्प्रूस आणि त्यांच्यावर लोंबणारा बर्फ. इथे काही शिकवायचं नाही, चाला. तासाने एकदा उभ्या उभ्या दोन घोट चहा. उलेव्होलसेतेरला दोनच्या आत पोचलात तर आरामात बसा. तीनच्या पुढे असाल तर फक्त शर्ट बदला आणि निघा.

शेवटचे सहा किलोमीटर

उलेव्होलसेतेरहून सोंग्सवानपर्यंत रुंद जंगलरस्ता आहे, बराचसा उतार, आणि दुपारी त्यावर समोरून येणारे, मुलांना पुल्कमध्ये, म्हणजे बर्फावरच्या छोट्या घसरगाडीत, बसवून ओढणारे, कुत्रे घेऊन जाणारे सगळे असतात. दिवसभर इतक्या स्की गेलेल्या असतात की बर्फ घासून चकचकीत झालेला असतो. पाय थकलेले. बहुतेक नवखे इथेच आपटतात.

गुडघे वाकवा, हात पुढे आणि खाली, काठ्यांची टोकं मागे. घाबरलं की माणूस मागे रेलतो आणि मग हमखास बसतो. दोन्ही स्की खाचेत असताना ब्रेक लागत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून एक पाय खाचेतून बाहेर काढायचा, त्याची टाच बाहेर ढकलून आतली कड बर्फावर घासायची, दुसरा पाय खाचेतच ठेवायचा, तो दिशा सांभाळतो. याने वेग छान कमी होतो. तरी वाढतोय वाटलं तर दोन्ही बाहेर काढून नांगर, म्हणजे टोकं जवळ आणि टाचा लांब. हे दोन्ही प्रकार सकाळी स्टेशनजवळच्या एखाद्या छोट्या उतारावर पाचसात वेळा करून घ्या, सहा किलोमीटरच्या उतारावर पहिल्यांदा शिकू नका. शीफोरेनिंगेनचे मोठ्यांसाठीही क्लास असतात, एक संध्याकाळ गेलात तरी फरक पडतो.

मैत्रिणींमध्ये इथेही क्रम तोच ठेवा. जिला कमी येतं तिला आधी सोडा, जिला येतं ती मागून, म्हणजे पडली तर दिसेल. एका वेळी एकीनेच उतरायचं, आणि खाली पोचलेलीने वळणाच्या आड न थांबता दिसेल अशा जागी कडेला थांबायचं. आणि जिथे अगदीच भीती वाटेल तिथे स्की काढा, हातात घ्या, कडेने दोनशे मीटर चालत जा. दहा मिनिटं जातात, मनगट वाचतं.

कोणी खरंच जखमी झालं तर 113 अ‍ॅम्ब्युलन्स, वाट चुकली किंवा माणूस हरवला तर 112 पोलीस. वीकेंडला रेड क्रॉसचे स्वयंसेवकही मार्कात तैनात असतात. फोन करताना शेवटची कुठली पाटी पाहिली तिचं नाव सांगा, म्हणून पाट्यांचे फोटो काढत जा. वाट बघताना जखमीला बर्फावर बसवू नका, बैठकपट्टी खाली आणि ते फुगीर जॅकेट अंगावर.

सोंग्सवानला तळ्यापासून स्टेशन अगदी जवळ आहे. स्की काढून दोन्ही तळ एकमेकींना लावून बांधा, टी-बानेत टोकं वर करून उभ्या धरा, आडव्या धरल्या की कोणाच्या तरी डोळ्यात जातात. घरी आल्यावर बुटातले आतले तळवे बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, रेडिएटरवर ठेवू नका, डिंक सुटतो. केसाळ पट्टी कापडाने पुसून खोलीच्या साध्या टेंपरेचरला वाळवा. काठीचं टोक वाकलंय का ते बघून घ्या, आणि सामान उधारीचं असेल तर परत द्यायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.